वारणेचा संगणक, नल्लावाडूचा भोंगा

‘डिजिटल डिव्हाइड’ हा शब्दप्रयोग १९९०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत रूढ झाला. तेथील वाणिज्य खात्याने १९९५ पासून प्रसिद्ध केलेल्या अहवालांमध्ये कोणाच्या घरी दूरध्वनी आहे, कोणाकडे संगणक आहे आणि कोणाकडे यांपैकी काहीच नाही, याची मोजदाद होती. मराठीत आपण त्याला ‘डिजिटल दरी’ म्हणू लागलो. पुढे २००३ मध्ये जिनिव्हा येथे आणि २००५ मध्ये ट्युनिस येथे माहिती समाजाविषयीची जागतिक शिखर परिषद दोन टप्प्यांत भरली, तेव्हा ही दरी बुजवणे हे साऱ्या जगाचे उद्दिष्ट ठरले.

दरी म्हटली की पुलाची कल्पना ओघानेच येते. संगणक, तार, मनोरा ही पुलाची सामग्री. ती पोहोचवली की काम झाले, असा समज त्यातून तयार होतो. हा समज कितपत खरा आहे, हे तपासण्यासाठी परदेशी अहवाल चाळण्याची गरज नाही. या परिषदांच्या आधीच भारतात असे काही प्रयोग सुरू झाले होते आणि त्यांतील सर्वांत गाजलेला एक प्रयोग आपल्या महाराष्ट्रातच झाला.

वारणा खोऱ्यातील ‘वायर्ड व्हिलेज’

वारणा नदी ही कोल्हापूर आणि सांगली या जिल्ह्यांची सीमारेषा. तिच्या काठच्या उजाड माळावर १९५०च्या दशकात तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याभोवती दूध संघ, वारणा बझार, शिक्षणसंस्था, मुलांचा वाद्यवृंद असा पसारा वाढत गेला. माहिती-तंत्रज्ञानासाठी पंतप्रधानांनी नेमलेल्या कृती दलाच्या पुढाकाराने १९९८ मध्ये या परिसरातील सत्तर गावे संगणकाच्या जाळ्याने जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला. खर्चाचा निम्मा वाटा केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा आणि उरलेला दहा टक्के वारणा समूहाचा होता. अंमलबजावणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे होती. निवड अगदी योग्य होती. जेथे सहकाराची घट्ट वीण आहे, शेतकरी एका संस्थेचा सभासद आहे आणि व्यवहाराची नोंद ठेवण्याची सवय आहे, तेथेच नवे तंत्र रुजेल, असा विचार त्यामागे होता.

संकल्प मोठा होता. गावातल्या केंद्रात बसून शेतकऱ्याला पीक-सल्ला मिळेल, बाजारभाव कळतील, जमिनीचे उतारे मिळतील, मुलांना शिक्षणाची आणि नोकरीची माहिती मिळेल, असे चित्र रंगवण्यात आले होते. प्रत्यक्षात काय झाले? केंद्रे उभी राहिली, संगणक आले, चालक नेमले गेले. केंद्रांचा वापरही झाला. पण तो जवळपास एकाच कामासाठी, ते म्हणजे ऊस.

ज्यांनी ऊसपट्टा जवळून पाहिलेला नाही, त्यांना हे किरकोळ वाटेल. तसे ते नाही. ऊस लावला की कारखान्याकडे लागणीची नोंद होते. त्या तारखेवरून तोडणीचा क्रम ठरतो. क्रम येईल तेव्हा टोळी येते, ऊस तुटतो, गाडी वजनकाट्यावर जाते, पावती मिळते, पुढे बिल जमा होते. मधल्या काळात कारखान्याकडून घेतलेले खत बिलातून वजा होते. या साखळीतला प्रत्येक दुवा म्हणजे शेतकऱ्यासाठी एक प्रश्न आहे. माझी नोंद झाली का? तोड कधी येणार? वजन किती भरले? खतापोटी किती कापले? तोड लांबली की उसाला तुरा येतो, वजन घटते, रानही वेळेवर मोकळे होत नाही. म्हणून मागच्याची तोड आधी कशी आली, हा ऊसपट्ट्यातला जुना आणि कडवट प्रश्न आहे. पूर्वी याचे उत्तर चिटबॉयला विचारून किंवा दिवस मोडून कारखान्यावर जाऊन मिळवावे लागे. ते उत्तर गावातच, छापील कागदावर मिळू लागले, ही वारणेच्या संगणकाची खरी कमाई होती. बाजारभावाचे पान कोणी उघडत नव्हते याचे कारण सरळ आहे. ज्याचा सारा ऊस एकाच कारखान्याला जातो, त्याने बाजारभाव पाहून करायचे काय?

पण संगणकाचे दुखणेही होते. वीज जाई. २००५ ते २००७ या काळातले महाराष्ट्रातील भारनियमन शहरी वाचकांच्याही स्मरणात असेल. खेड्यांत ते कितीतरी अधिक जाचक होते. दूरध्वनीच्या तारेवरून कारखान्याशी होणारा संपर्क तुटे. यंत्रे जुनी होत गेली, दुरुस्तीचा खर्च वाढत गेला. याच सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरू येथील संशोधन संस्थेतील राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा यांनी वारणेतील केंद्रांचा अभ्यास केला. त्यांना जे आढळले ते नमुनेदार आहे. संगणकावर जे काम होत होते त्यासाठी संगणकाची गरजच नव्हती. माहितीचा एक छोटा तुकडा कारखान्याकडे पाठवायचा आणि दुसरा छोटा तुकडा तेथून मागवायचा, एवढेच ते काम होते. मग त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवला. ठरावीक अक्षरांचा लघुसंदेश पाठवायचा, कारखान्यातील यंत्रणेकडून उत्तर लघुसंदेशानेच येणार. आठ महिन्यांच्या चाचणीत ही व्यवस्था स्वस्त आणि सोयीची ठरली, शेतकऱ्यांच्या पसंतीलाही उतरली. ‘वायर्ड’ म्हणून जगभर गाजलेल्या खेड्यावर ‘वारणा अनवायर्ड’ या नावाचा शोधनिबंध निघाला, हा योगायोग गमतीचा खरा. पण त्यात चेष्टा नव्हती. १९९८ मध्ये मोबाइल ही श्रीमंतांची चीज होती. त्या वेळी संगणक आणला नसता, तर शेतकऱ्याला नेमके काय हवे आहे, हे कळले नसते.

पुदुच्चेरीची वाट

१९९८ मध्येच, सरकारी कृती दलाच्या बाहेर, आणखी एक प्रयोग सुरू झाला होता. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या चेन्नईतील संशोधन प्रतिष्ठानने पुदुच्चेरीच्या आसपासच्या खेड्यांत ‘माहिती केंद्रे’ काढली. कॅनडाच्या आंतरराष्ट्रीय विकास संशोधन केंद्राचे साह्य त्याला होते. विल्लियनूर येथे मुख्य केंद्र आणि तेथून गावोगावी बिनतारी यंत्रणेने माहिती, अशी रचना होती. वीज बेभरवशाची म्हणून सौर पॅनेलही बसवले होते.

येथे क्रम उलटा होता. आधी गावांना विचारण्यात आले की तुम्हाला कोणती माहिती लागते आणि आज ती कोणाकडून मिळते? मग केंद्राच्या अटी ठरल्या. जागा गावाने द्यायची, काम गावातल्या स्वयंसेवकांनी करायचे आणि केंद्राचे दार कोणत्याही जातीच्या माणसाला बंद असणार नाही, हे गावाने मान्य करायचे. स्वयंसेवकांत स्त्रियांचे प्रमाण मोठे राहील, याकडे लक्ष देण्यात आले. एंबलम या गावी तर केंद्र देवळाच्या आवारात होते. ज्या गावात दलित वस्तीतल्या स्त्रीने चारचौघांत एखाद्या पडवीत पाऊल ठेवणे सोपे नव्हते, तेथे ‘सर्वांसाठी दार उघडे’ ही अट संगणकापेक्षा अधिक क्रांतिकारक होती, असे म्हणायला हरकत नाही.

वीरमपट्टिनम हे त्यातले कोळ्यांचे गाव. तेथे शेतीच्या माहितीचा उपयोग थोडाच. लोकांना हवा होता समुद्राचा अंदाज. अमेरिकी नौदलाच्या संकेतस्थळावर बंगालच्या उपसागरातील लाटांच्या उंचीचे अंदाज येत असत. केंद्रातील मुली ते उतरवून घेत, तमिळमध्ये मांडत आणि किनाऱ्यावर लावलेल्या भोंग्यांवरून वाचून दाखवत. अमेरिकी आरमारासाठी तयार झालेली माहिती, तमिळ मुलीचा आवाज आणि भोंगा, या तिन्हींची सांगड घालणारे तंत्रज्ञान कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. नाव काढायचे की नाही, हे पाहायला कोळ्याला वाचता येण्याची गरज नव्हती. केंद्रात यायचीही गरज नव्हती.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा अशाच एका किनारी गावात, नल्लावाडूत, काय घडले ते अनेकदा सांगितले गेले आहे. गावातला एक तरुण सिंगापूरला कामाला होता. तेथे दूरचित्रवाणीवर भूकंप आणि लाटांची बातमी पाहून त्याने घरी दूरध्वनी केला. समुद्राचे पाणी आत येऊ लागले होते. घरच्यांनी आरडाओरडा केला, गावकऱ्यांनी माहिती केंद्राचे दार फोडले आणि रोज लाटांचा अंदाज सांगणाऱ्या त्याच भोंग्यावरून गाव सोडण्याची सूचना दिली. सुमारे साडेतीन हजार वस्तीच्या त्या गावात घरे पडली, होड्या गेल्या, माणसे वाचली.

या घटनेचे श्रेय बहुतेक वेळा इंटरनेटला दिले गेले. ते अचूक नाही. इशारा दूरध्वनीने आला आणि भोंग्याने पसरला. पण भोंगा तेथे होता तो माहिती केंद्रामुळे. त्यावरून येणारा आवाज खरा असतो, हे गावाला रोजच्या अनुभवाने ठाऊक होते. आणि संकटात ते दार फोडायला कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही, इतके ते केंद्र गावाचे झाले होते. खर्चाच्या ताळेबंदात या तीन गोष्टींपैकी फक्त पहिलीचीच नोंद सापडेल.

उतारा आला, तलाठी गेला

माहितीचे संगणकीकरण म्हणजे आपोआप सबलीकरण, या समजाला मोठा धक्का कर्नाटकाने दिला. ‘भूमी’ प्रकल्पात तेथील सुमारे दोन कोटी जमीन-नोंदी संगणकावर आल्या. २००१ पासून तालुक्याच्या केंद्रात पंधरा रुपये भरून उतारा मिळू लागला आणि हाताने लिहिलेले उतारे बाद झाले. गावपातळीवरच्या अधिकाऱ्याच्या चिरीमिरीतून शेतकरी सुटला, ही गोष्ट खरी आणि तिचे कौतुक योग्यच होते. पण २००७ मध्ये सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगळुरूच्या परिसरात केलेल्या अभ्यासातून दुसरी बाजू पुढे आली. नोंदीचा अधिकार गावातून तालुक्याला गेला. छोट्या शेतकऱ्याला गावात ज्याला गाठता येत असे, त्याच्या हातून सत्ता गेली आणि जिथे ती गेली तिथे मोठ्या बिल्डरांची ऊठबस अधिक होती. कोणत्या पट्ट्यात कोणाची किती जमीन, कुठे वाद, कुठे एकाच मालकाचे सलग क्षेत्र, हे आता एका जागी दिसू लागले. आणि ते पाहण्याची क्षमता सर्वांकडे सारखी नव्हती.

तोयामा यांनी पुढे २०१५ मध्ये ‘गीक हेरसी’ या पुस्तकात हाच विचार मांडला. तंत्रज्ञान हे ध्वनिवर्धकासारखे आहे, ज्याचा आवाज आहे त्याचाच ते मोठा करते, असा त्याचा आशय आहे. वारणेत सहकाराची यंत्रणा आधीपासून होती, म्हणून संगणकाने तिचे काम सोपे केले. जिथे मुळात यंत्रणाच नाही, तिथे संगणक ती निर्माण करत नाही.

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याच्या ‘ज्ञानदूत’ची कथा याच अंगाने जाते. जानेवारी २००० मध्ये सुरू झालेल्या या योजनेला त्याच वर्षी स्टॉकहोम चॅलेंज पारितोषिक मिळाले. मंडीचे भाव, दाखल्यांचे अर्ज, तक्रारी असे सारे सूचनालयातून होणार होते. उत्साही अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या, कचेरीतून तक्रारींना उत्तरे येईनाशी झाली आणि लोकांनी सूचनालयांत जाणे कमी केले. त्या मानाने केरळची ‘अक्षय’ केंद्रे टिकली. २००२ मध्ये मलप्पुरम जिल्ह्यात प्रत्येक घरातील एका व्यक्तीला संगणकाची ओळख करून देण्यापासून त्यांची सुरुवात झाली. त्याआधीच्या दशकातील साक्षरता चळवळीने घराघरात जाण्याची वाट तयार केली होती, हे त्या यशाचे फारसे न सांगितले जाणारे कारण आहे.

म्हसवडचा अंगठा

साताऱ्यातील म्हसवडला माणदेशी महिला बँक १९९७ मध्ये सुरू झाली. परवान्यासाठी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता. प्रवर्तक स्त्रियांपैकी काही निरक्षर होत्या आणि अर्जावर अंगठे होते. त्या स्त्रियांनी अक्षरे गिरवली, पुन्हा मुंबई गाठली आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो, असे सांगितले. परवाना मिळाला. त्याच संस्थेने २००८ मध्ये ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक नभोवाणी केंद्र काढले. दुष्काळी माणच्या बोलीत पाणी, शेळ्या, बाजार आणि गाणी ऐकवणारे ते केंद्र ‘माहिती-तंत्रज्ञान’ या भारदस्त शब्दात बसते की नाही, याची चर्चा तज्ज्ञांनी खुशाल करावी.

या बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा यांनी जाहीर व्याख्यानात सांगितलेला एक प्रसंग येथे महत्त्वाचा आहे. बँकेने कार्ड देऊ केले, तेव्हा सभासद स्त्रियांनी पिन क्रमांकाला नकार दिला. क्रमांक दुसऱ्या कोणाला कळला, तर कष्टाचा पैसा जाईल. अंगठा कोणाला चोरता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. कार्ड अंगठ्याच्या ठशाला जोडण्यात आले. ज्या अंगठ्याने एकेकाळी परवाना अडवला, तोच सुरक्षेचा उपाय ठरला आणि तो सुचवला त्या स्त्रियांनीच. अर्थात, हाच अंगठा शिधावाटपाच्या दुकानात उमटत नाही म्हणून रिकाम्या हाताने परतणारी म्हातारी माणसेही देशात आहेत. फरक यंत्रात नाही. म्हसवडला ठसा उमटला नाही, तर जिच्याकडे जाऊन भांडता येईल अशी बँक सभासदांची स्वतःची आहे.

दरी कुठे सरकली?

गेल्या वीस वर्षांत सामग्रीचा प्रश्न पुष्कळ सुटला. २००६ मध्ये केंद्राने एक लाख सामायिक सेवा केंद्रांची योजना मंजूर केली. २०११ मध्ये सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचे ठरले. तेच आजचे ‘भारतनेट’. २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट इतके स्वस्त झाले की केंद्रात जाण्याची गरजच अनेकांना उरली नाही.

तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीचे आकडे पाहावेत. आयुष्यात एकदा तरी इंटरनेट वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण देशात ५७.१ टक्के होते, स्त्रियांचे ३३.३ टक्के आणि ग्रामीण स्त्रियांचे अवघे २४.६ टक्के. महाराष्ट्रात पुरुष ६१.५ आणि स्त्रिया ३८ टक्के. म्हणजे मनोरा गावात आला, पण तो घरात कोणाच्या हातात आला, हा हिशेब वेगळा आहे. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा एका घरात एकच स्मार्टफोन आणि तो वडिलांबरोबर कामावर, हे चित्र मुंबईच्या चाळींतही होते. दरी शहर आणि खेडे यांच्यामध्येच असते, हा शहरी वाचकांचा सोयीस्कर समज त्या वर्षी मोडला.

एका माणसाचा उल्लेख या साऱ्या चर्चेत सहसा होत नाही. तो म्हणजे ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक. महाराष्ट्रात २०११ पासून ‘संग्राम’ आणि नंतर ‘आपले सरकार सेवा केंद्र’ या नावांनी दाखले, नोंदी, योजनांचे अर्ज गावातच होऊ लागले, ते या तरुण-तरुणींच्या जोरावर. पीक विम्यापासून अनुदानापर्यंत प्रत्येक ‘ऑनलाइन’ योजनेचे शेवटचे टोक तेच आहेत. वेळेवर मानधन मिळावे, ग्रामपंचायतीचा कर्मचारी म्हणून दर्जा मिळावा, यासाठी त्यांनी मुंबईत आणि नागपूरच्या अधिवेशनावर वर्षानुवर्षे मोर्चे काढले. फायबरसाठी हजारो कोटींची तरतूद होते आणि त्या फायबरच्या टोकाला बसलेल्या माणसाचे मानधन थकते, ही विसंगती धोरणकर्त्यांना खटकत नसेल, तर त्यांच्या लेखी दरी म्हणजे अजूनही केवळ तार आहे.

राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. सातबाऱ्यावरची पिकाची नोंद पूर्वी तलाठी करत असे आणि ती बांधावर न जाता चावडीत बसून होते, अशी सार्वत्रिक तक्रार असे. आता खातेदाराने स्वतः शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचे छायाचित्र काढायचे. ठिकाण यंत्र आपोआप टिपते. रेंज नसेल, स्मार्टफोन नसेल किंवा वय झाले असेल, तर शेजाऱ्याचा फोन आणि गल्लीतल्या पोराची मदत घेतली जाते. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत यंत्रणा मंदावल्याच्या तक्रारीही होतात. पण पिकाचा पहिला साक्षीदार शेतकरी झाला, हा बदल लहान नाही. कारण नुकसानभरपाई, पीक विमा आणि हमीभावाची खरेदी यांच्या वेळी हीच नोंद पाहिली जाते.

या अ‍ॅपमध्ये आणखी एक सोय देण्यात आली, जिचा बोलबाला फारसा झाला नाही. गावातल्या इतर खातेदारांनी कोणते पीक नोंदवले, हे गावातल्या कोणालाही पाहता येते. ज्या गटात कापूस उभा आहे तिथे सोयाबीन लागले असेल, तर ते बांधावरच्या शेजाऱ्याला तालुक्याच्या कचेरीआधी कळते.